विरघळले की नुसते मिसळले?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या गावातील एक निवृत्त शिक्षक, वय ७४, पक्षाघातातून बऱ्यापैकी सावरले होते. मात्र त्यानंतर त्यांना अधूनमधून फिट येऊ लागली. गोळी घशात अडकते अशी त्यांची तक्रार असल्याने तज्ज्ञांनी फेनिटॉइन हे फिटवरचे औषध पातळ स्वरूपात लिहून दिले. औषध देण्याची जबाबदारी त्यांच्या पत्नीने घेतली. घरात कुणाला सापडणार नाही इतकी शिस्त त्यांच्या हाताला होती. बाटली देवघराशेजारच्या फळीवर ठेवलेली, मापाचे झाकण धुऊन पुसून शेजारी, आणि औषध ओतताना फेस येऊ नये, थेंब सांडू नये, म्हणून बाटली अलगद उचलून अलगद कलती करायची. दिवसातून तीनदा, घड्याळ लावून.

आठवड्याभराने गुरुजींना पुन्हा फिट आली. मी तज्ज्ञांशी फोनवर बोललो आणि त्यांच्या सल्ल्याने मात्रा किंचित वाढवली. काही दिवस बरे गेले. मग एके सकाळी गुरुजी उठले ते झोकांड्या खातच. जीभ जड, डोळ्यांची बुबुळे थरथरत आहेत, हाक मारली तर अर्धवट ओ देतात. घरच्यांना वाटले, दुसरा झटका आला. खरे सांगायचे तर प्रथमदर्शनी मलाही तेच वाटले. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन मेंदूचे चित्र काढले, त्यात नवे काही नव्हते. रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण तपासले, तेव्हा ते विषारी पातळीवर गेलेले आढळले.

मी बाटली मागवून घेतली. तळाशी जेमतेम बोटभर औषध उरले होते, दाट, खडूच्या निवळीसारखे नव्हे तर खडूच्या गाळासारखे. मी विचारले, ‘‘काकू, बाटली हलवून देत होता ना?’’ त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मी मापात एक थेंबही चुकले नाही.’’ आणि ते अक्षरशः खरे होते. चुकलो होतो मी. पहिल्यांदा फिट आली तेव्हाच तो प्रश्न विचारायला हवा होता. मात्रा वाढवण्याची घाई झाली, आणि बाटलीकडे कुणी पाहिलेच नाही.

झाले होते ते असे. फेनिटॉइन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याची बारीक पूड द्रवात तरंगत ठेवलेली असते. बाटली स्थिर राहिली की पूड हळूहळू खाली बसते. त्यामुळे वरच्या भागातील प्रत्येक मापात औषध कमी, म्हणून फिट आली. बाटली अर्ध्याखाली गेली, तोवर आम्ही मात्राही वाढवलेली, आणि आता प्रत्येक मापात तळाचे दाट औषध येऊ लागले. या औषधाचा आणखी एक स्वभाव असा की यकृताची ते निकामी करण्याची क्षमता मर्यादित असते. त्या मर्यादेपाशी मात्रा थोडी जरी वाढली तरी रक्तातील प्रमाण एकदम चढते. गुरुजी चार-पाच दिवसांत सावरले. काकूंना मात्र सावरायला अधिक वेळ लागला.

या प्रसंगानंतर मी पातळ औषध लिहून देताना एक गोष्ट आवर्जून सांगू लागलो. तीच आज आपल्यासमोर मांडतो आहे. शाळेत सातवी-आठवीत आपण ती शिकलो होतो, परीक्षेपुरती लक्षात ठेवली आणि विसरलो. द्रावण वेगळे आणि मिश्रण वेगळे.

आपल्या नातवंडांना हाताशी घेऊन एक साधा प्रयोग करून पाहावा. काचेचे दोन पेले घ्या. एकात चमचाभर साखर, दुसऱ्यात चमचाभर बेसन. दोन्हींत पाणी घालून ढवळा आणि अर्धा तास तसेच राहू द्या. साखरेचे पाणी पारदर्शक राहील, आणि त्याचा वरचा घोट व तळाचा घोट सारखाच गोड लागेल. उद्या प्या किंवा परवा, गोडी तीच. साखरेचा कण सुटून त्याचे रेणू पाण्याच्या रेणूंमध्ये विखुरलेले असतात. ते इतके सूक्ष्म असतात की आपोआप खाली बसत नाहीत, गाळण्यातही अडकत नाहीत. हे द्रावण. बेसनाच्या पेल्यात मात्र वर गढूळ पाणी आणि तळाशी साका दिसेल. बेसन पाण्यात होते, पण पाण्याचे झाले नव्हते. विज्ञानाच्या पुस्तकात यालाच निलंबन म्हणतात.

गृहिणींना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. ताक करून ठेवले की वर निवळ येते आणि खाली दाट राहते. म्हणून वाढण्यापूर्वी ते ढवळले जाते. पन्ह्यातली साखर मात्र कुणी दुसऱ्यांदा ढवळत नाही. औषधाच्या बाटलीलाही हाच न्याय लावायचा आहे. अडचण इतकीच, की बाटली गडद रंगाची असते, त्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते, आणि त्या चिठ्ठीवर ‘वापरण्यापूर्वी चांगले हलवा’ ही सूचना बहुधा इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापलेली असते. सत्तरीतल्या डोळ्यांनी ती वाचावी अशी अपेक्षा कोण कशी करते, हे मला कधी उमगलेले नाही.

तेव्हा घरात आणलेल्या प्रत्येक पातळ औषधाच्या बाबतीत औषध दुकानदाराला विचारावे, हे विरघळलेले आहे की मिसळलेले? आम्लपित्तावरची पांढरी-गुलाबी पातळ औषधे, मुलांच्या तापावरचे बरेचसे पॅरासिटामॉल, प्रतिजैविकांची पातळ औषधे, ही प्रायः मिसळलेल्या गटातील असतात. ती दर वेळी, मापात घेण्याच्या अगदी आधी, उलटी-सुलटी करून दहा-पंधरा वेळा हलवावीत. सकाळी एकदा हलवली म्हणून रात्रीच्या मात्रेला चालत नाही. बाटली उलटी करून तळ पाहावा. तिथे पांढरा थर चिकटलेला दिसत असेल तर अजून हलवण्याची गरज आहे. आणि माप बाटलीसोबत आलेल्या झाकणानेच किंवा पिचकारीने घ्यावे. आपल्या स्वयंपाकघरातील चमचे दर घरी निराळे असतात.

नातवंडांना सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी येथे एक गोष्ट अधिक सांगतो. काही प्रतिजैविके कोरड्या पुडीच्या रूपात मिळतात आणि घरी पाणी घालून तयार करावी लागतात. ती पाण्यात फार दिवस टिकत नाहीत, म्हणूनच कंपनी ती कोरडी पाठवते. आधी बाटली आपटून पूड मोकळी करावी, उकळून गार केलेले पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घालून हलवावे, फेस बसू द्यावा आणि मग खुणेपर्यंत भरावे. फेसावरच खूण गाठली तर पाणी कमी पडते आणि प्रत्येक चमचा ठरल्यापेक्षा जहाल होतो. उरलेले औषध पुढच्या आजारपणासाठी ठेवू नये.

हलवण्याचा हा नियम बाटल्यांपुरता नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सूज कमी करण्यासाठी जे दुधासारखे पांढरे थेंब देतात, त्यातील प्रेडनिसोलोन असिटेट पाण्यात विरघळलेले नसते, तरंगत असते. काचबिंदूसाठीच्या ब्रिन्झोलामाइड थेंबांचेही तसेच. कुपी न हलवता घातलेला थेंब डोळ्याला ओला करतो, औषध फारसे देत नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली, थेंबही वेळेवर घातले, तरी लाली का जात नाही, या प्रश्नाचे उत्तर कधी कधी एवढेच असते. दम्याच्या अनेक पंपांमध्येही औषधाची पूड द्रवरूप वायूत तरंगत असते. म्हणून प्रत्येक वेळी पंप दाबण्यापूर्वी तो हलवायचा.

इन्शुलिनची तऱ्हा याहून वेगळी आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. साधे, लवकर काम करणारे इन्शुलिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते द्रावण आहे. त्याचा परिणाम लांबावा म्हणून डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन हॅगेडॉर्न यांनी १९३६ मध्ये इन्शुलिनला प्रोटामिन नावाच्या, माशांपासून मिळवलेल्या प्रथिनाची जोड दिली. या जोडीमुळे इन्शुलिन कमी विरघळणारे होते आणि त्वचेखालून सावकाश रक्तात उतरते. आज एनपीएच किंवा ३०/७० या नावांनी मिळणारी गढूळ इन्शुलिने याच घराण्यातील. ती ठेवल्या जागी खाली बसतात. न मिसळता घेतली तर आज साखर चढलेली आणि काही दिवसांनी अचानक उतरलेली, असा खेळ सुरू होतो, आणि दोष बिचाऱ्या जेवणाला दिला जातो. मात्र इन्शुलिन जोराने हलवू नये. त्याने फेस येतो आणि माप चुकते. कुपी किंवा पेन दोन तळव्यांमध्ये दहा वेळा लाटल्यासारखे फिरवावे, दहा वेळा सावकाश उलटे-सुलटे करावे, आणि रंग सगळीकडे दुधासारखा एकसारखा झाला की मगच घ्यावे. गाठी दिसल्या किंवा काचेला कण चिकटून राहिले तर ती कुपी बाद समजावी.

गंमत अशी की ग्लार्जिन नावाचे दिवसभर पुरणारे इन्शुलिन स्वच्छ असूनही सावकाश काम करते. कुपीतील आम्लधर्मी पाण्यात ते विरघळलेले असते. त्वचेखाली तसे आम्ल नसल्याने तिथे गेल्यावर त्याचा सूक्ष्म साका बनतो आणि तो दिवसभर थोडा थोडा विरघळत राहतो. म्हणजे साका हवाच आहे, फक्त तो कुपीत नको, त्वचेखाली हवा. म्हणूनच हे इन्शुलिन दुसऱ्या इन्शुलिनबरोबर एकाच सिरिंजमध्ये भरत नाहीत, आणि स्वच्छ असायला हवे ते इन्शुलिन गढूळ दिसले तर वापरत नाहीत.

इथवर आपण जे विरघळत नाही त्याची काळजी केली. जे पूर्ण विरघळते ते निर्धास्त, असे मात्र समजू नये. द्रावणात पदार्थ दिसत नाही, हाच त्याचा धोका. पेला स्वच्छ दिसतो. त्यात किती विरघळले आहे हे डोळ्यांना कळत नाही. याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण म्हणजे जुलाबावरचे ओआरएस.

उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडावर घरातील वृद्धांना जुलाब होतात, आणि मी विचारले की घरचे तत्परतेने सांगतात, ‘‘ओआरएस देतोय ना.’’ कसे देता असे विचारले की निरनिराळी उत्तरे येतात. कुणी अख्खी पुडी एका पेल्यात घालतो, कारण ‘लवकर ताकद यावी’. कुणी चमचाभर पूड तांब्याभर पाण्यात टाकतो. कुणी चव यावी म्हणून वर दोन चमचे साखर घालतो. तिन्ही ठिकाणी ओआरएस उरत नाही. मोठी पुडी असते ती एक लिटर पाण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तिच्यात साधे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, असे एकूण २०.५ ग्रॅम घटक असतात. सुमारे चार ग्रॅमची लहान पुडी २०० मिलिलिटरसाठी असते. दोन्ही पुड्या दुकानात शेजारी शेजारी असतात, म्हणून पाणी किती घालायचे ते पुडीवर वाचूनच घालावे.

प्रमाणाचा एवढा आग्रह कशासाठी? आतड्याच्या भिंतीत एक दार असे आहे की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आत जातात, आणि त्यांच्यामागोमाग पाणी. जुलाबातही हे दार बहुधा चालू राहते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये ही जोडी प्रथम मांडली. सध्याच्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल, म्हणजे कणांच्या मोजणीत अगदी बरोबरीने ठेवलेले आहेत. पाणी कमी घातले की द्रावण दाट होते आणि उलटा प्रकार घडतो. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की काही वेळात पाणी सुटते, ते आपण दर वर्षी पाहतो. दाट ओआरएस आतड्यात गेले की तेही तसेच शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते. जुलाब वाढतात, तहान वाढते, आणि वृद्ध व्यक्तीच्या रक्तातील सोडियम चढून ती असंबद्ध बोलू लागते. पाणी फार घातले तर क्षार पुरेसे मिळत नाहीत. सोडियम उतरून पुन्हा ग्लानीच येते. दोन्हीकडे कारण एकच, चुकलेले प्रमाण.

या स्वस्त द्रावणाचे मोल ज्यांनी जगाला दाखवले त्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून पिंपांत भरले आणि ते पेल्याने पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. तिथले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. मला या हकिकतीतला नातेवाइकांचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. त्या चिखलात, त्या गर्दीत, शिक्षण फारसे नसलेल्या माणसांनी ते काम पार पाडले, कारण द्रावण आधीच योग्य प्रमाणात तयार करून त्यांच्या हाती दिले होते.

घरी ओआरएस करताना आधी भांड्याने एक लिटर पाणी मोजावे, मग पुडी संपूर्ण रिकामी करावी. तयार द्रावण उकळू नये, झाकून ठेवावे आणि २४ तासांनंतर उरले तर ओतून द्यावे. पुडी मिळतच नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा पाच मिलिलिटरचा, आणि ‘सपाट’ हा शब्द विसरू नये. यात पोटॅशियम नसते, म्हणून ही तात्पुरती सोय समजावी. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना किती द्यायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि खोक्यात मिळणाऱ्या गोड चवीच्या पेयांना ओआरएस मानू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यास मनाई केली आहे. ती खूप आधी व्हायला हवी होती.

विरघळलेले मीठ दिसत नाही, ही गोष्ट फसफसणाऱ्या औषधांनाही लागू आहे. पोट जड झाले की पाण्यात सोडा घालून पिण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. खाण्याच्या एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७४ मिलिग्रॅम सोडियम असते. दिवसभरात सर्व मार्गांनी मिळून दोन ग्रॅमच्या आत सोडियम असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यांच्या पायांवर सूज येते, ज्यांनी जेवणातले मीठ कष्टाने कमी केले आहे, त्यांनी ही फसफस रोज घेतली तर पापड-लोणचे सोडण्याला काय अर्थ राहिला?

आता पाण्याशी ज्यांचे जमतच नाही अशा पदार्थांकडे वळू. हळद पाण्यात टाकली तर कण तरंगतात. तेलाच्या फोडणीत टाकली की तिचा रंग तेलात उतरतो. सारखा सारख्यात विरघळतो, हा रसायनशास्त्राचा नियम आपल्या फोडणीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे हळदीच्या जातीची, म्हणजे तेला-तुपात विरघळणारी आहेत. म्हणून ड जीवनसत्त्वाची पुडी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेण्यापेक्षा दुधाबरोबर किंवा जेवणानंतर घेतलेली अधिक अंगी लागते.

पण याची दुसरी बाजू गंभीर आहे. ब समूहातील रिबोफ्लेविन पाण्यात विरघळते. जास्त झालेले लघवीवाटे निघून जाते, आणि लघवी गर्द पिवळी दिसते तेवढेच. ड जीवनसत्त्व तसे वाहून जात नाही, ते शरीरातील चरबीत साठत राहते. आपल्याकडे त्याची ६०,००० युनिटांची पुडी किंवा कॅप्सूल सर्रास दिली जाते आणि ती सामान्यतः आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतलेले, किंवा बरे वाटते म्हणून वर्षभर चालू ठेवलेले वृद्ध मी पाहिले आहेत. भूक मेली, बद्धकोष्ठ झाले, सतत तहान आणि लघवी, हळूहळू बोलण्यात गोंधळ. घरच्यांनी ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले. रक्तात कॅल्शियम फार वाढलेले निघाले आणि मूत्रपिंडावर ताण आलेला होता. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ लिहिले असेल तर वार ठरवून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. शेवटची पुडी कधीची, तीही तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

पाण्यात एखादा पदार्थ किती मावावा यालाही मर्यादा असते. नेहमीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात साखर जवळजवळ २०० ग्रॅम मावते, मीठ मात्र ३६ ग्रॅमच. मर्यादा गाठलेल्या द्रावणाला संपृक्त म्हणतात. साखरेचा गरम दाट पाक गार झाला की भांड्याच्या कडेला खडे धरतात, कारण गार पाण्यात साखर कमी मावते. आपल्या रक्तात युरिक ॲसिडचेही असेच असते. शरीराच्या तापमानाला १०० मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत ते विरघळून राहते. पायाचा अंगठा हृदयापासून दूर आणि शरीराच्या मानाने गार. तिथे ही मर्यादा आणखी खाली येते आणि सांध्यात सुईसारखे स्फटिक धरतात. गाऊटचा पहिला झटका बहुधा अंगठ्याच्या मुळाशी, आणि पुष्कळदा रात्री येतो, त्यामागे हे एक कारण आहे. केवळ अहवालात आकडा ७ दिसला म्हणून घाबरून औषध सुरू करण्याची मात्र घाई करू नये. अनेकांच्या रक्तात तो आकडा असतो आणि सांधा आयुष्यभर ठणकत नाही.

मूतखड्याची कथाही हीच. लघवी दाट झाली की कॅल्शियम ऑक्झलेट मावेनासे होते. ज्यांना एकदा खडा झाला आहे त्यांनी दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असे आम्ही सांगतो. लिंबातील सायट्रेट कॅल्शियमला धरून विरघळलेल्या अवस्थेत ठेवते, म्हणून बेताच्या साखरेचे लिंबूपाणी उपयोगी पडते. पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या हृदयरुग्णांनी हा परिच्छेद आपल्यासाठी नाही असे समजावे.

शेवटी, सेवा करणाऱ्यांकडून मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न. बाबांना गोळी गिळता येत नाही, कुटून पाण्यात विरघळवून दिली तर चालेल का? काही गोळ्यांना चालते, काहींना मुळीच नाही. ज्यांच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरे असतात त्या गोळ्या सावकाश विरघळाव्यात अशाच बांधलेल्या असतात. कुटल्या की दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी असेल तर परिणाम काय होईल हे सांगायला नको. पँटोप्राझोलसारख्या काही गोळ्यांवरचे आवरण जठराच्या आम्लात विरघळत नाही, पुढे आतड्यात विरघळते. ते आवरण फोडले तर औषध आम्लातच नासते. तेव्हा कुटण्यापूर्वी विचारावे. बहुतेक वेळा त्याच औषधाचा दुसरा प्रकार उपलब्ध असतो. नाकातून नळी असेल तर हा प्रश्न दर औषधासाठी स्वतंत्रपणे विचारावा, कारण न विरघळलेली पूड नळीत बसते. इसबगोल तर विरघळतच नाही, पाणी शोषून फुगते. तो मोठा पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी प्यावे. गिळताना ठसका लागणाऱ्यांना देऊच नये.

गुरुजी पुढे पाच वर्षे चांगले होते. त्यांची औषधाची बाटली मी अधूनमधून मागवून पाहत असे. काकूंनी तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली होती आणि मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘आधी हलव’. आपणही पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, थेंब, पंप आणि पुड्या एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात. चिठ्ठी नको, त्या वस्तूच न्याव्यात, आणि रोज जसे देता तसे एकदा डॉक्टरांसमोर देऊन दाखवावे.